दोन ओळींत मावणारा ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या दुकानात शिरलेल्या माणसाचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. किती एचपीचा? डिझेल किती खातो? शेवटी भाव काय लावणार? निफाडचा द्राक्षबागायतदार असो की सांगोल्याचा डाळिंबवाला, या तीन प्रश्नांत फरक पडत नाही. प्रश्न चुकीचे नाहीत, फक्त घाईचे आहेत. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरकडे ताकद आणि वजन शिल्लक असते, त्यामुळे मालकाची निवड थोडी चुकली तरी तो ती पोटात घालतो. पंधरा ते तीस एचपीच्या मिनी ट्रॅक्टरकडे शिल्लक असे काही नसते. टायर, गिअर, लिफ्ट आणि वजन यांतले एक जरी कामाशी जुळले नाही, तर बाकीचे तीन कितीही चांगले असले तरी हात चोळत बसावे लागते. म्हणून या प्रकरणात आपण ट्रॅक्टरकडे मागच्या बाजूने पाहणार आहोत. मागे काय जोडायचे ते आधी, पुढे काय हवे ते नंतर.

पण एचपीचा प्रश्न एकदा निकालात काढू. जाहिरातीतला एचपी आणि शेतातला एचपी यांतल्या अंतराने शंभर वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला आमदार केले. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. मोटारवाल्या हेन्री फोर्डचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने नावाचा फायदा उठवला होता. ट्रॅक्टर चालेना. दुसऱ्या कंपनीचा जुना घेतला, त्यानेही निराशा केली. तिसरा मात्र सांगितल्याप्रमाणे काम करणारा निघाला. मग क्रोझियरच्या डोक्यात आले की हे कळायला तीन ट्रॅक्टर विकत घ्यावे का लागावेत? तो विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली नेब्रास्काने कायदा केला: राज्यात विकायच्या ट्रॅक्टरच्या मॉडेलची विद्यापीठात चाचणी होईल, निकाल जाहीर होईल, आणि कंपनीला राज्यात सुट्या भागांची सोय ठेवावी लागेल. पहिली चाचणी १९२० साली झाली.

आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला चालते. तिथली केंद्रीय संस्था १९५५ पासून आहे, आणि तिच्या चाचणी अहवालात मालकाला हवी ती बहुतेक उत्तरे छापलेली असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल मागणारे गिऱ्हाईक फार कमी, हे मला नेहमी नवल वाटते. पत्रकावरचा २४ एचपी हा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर आणि ब्लोअर ज्यावर चालतात त्या पीटीओवर साधारण २० ते २१ पोचतात. विकत घेताना विचारायचा आकडा हा दुसरा.

आता बाग. द्राक्षात दोन ओळींत आठ ते दहा फूट अंतर असते आणि मिनी ट्रॅक्टर साधारण साडेतीन फुटांचा, म्हणजे जागा भरपूर असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात वाय पद्धतीच्या मांडवाचे हात वरच्या बाजूला दोन्हीकडून आत येतात, त्यावरून काड्या लोंबतात, आणि अडचण चाकाशी न येता चालवणाऱ्याच्या डोक्याशी येते. म्हणून ‘छत बसवू का?’ या प्रश्नाचे बागेतले उत्तर नाही असे आहे. उभा सायलेन्सरही नको. गरम धुराने पाने करपतात, घड तापतात. बागेसाठीच्या मॉडेलमध्ये तो खाली, आडवा नेलेला असतो. नंतर मेस्त्रीकडून वाकवून घेण्यापेक्षा तसाच घेणे बरे. टेप घेऊन मोजायचेच असेल तर सर्वांत अरुंद ओळ मोजा आणि ओळ संपल्यावर वळायला किती जागा उरते तेही. मिनी ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात ते या वळणासाठी. रस्त्यावर जाताना मात्र दोन्ही पायपट्ट्या खिट्टीने जोडायच्या. काही नव्या मॉडेलांत स्टिअरिंग पूर्ण वळवले की आतल्या चाकाचा ब्रेक आपोआप लागतो. बागेत दिवसभर वळणे घेणाऱ्याला ही सोय पैसे वसूल करून देते, उसाच्या लांब सरीत तिचा उपयोग फारसा नाही.

बागायतदाराला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न मात्र वेगळाच असतो: औषध सगळीकडे सारखे का बसत नाही? तो नोझलला दोष देतो, पंपाला देतो, औषध कंपनीला तर देतोच. पुष्कळदा दोष गिअरचा असतो.

ब्लोअर चालतो पीटीओवर, आणि पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. तो मिळवायला इंजिन एका ठरावीक आरपीएमवर धरावे लागते, मॉडेलप्रमाणे तो आकडा बदलतो. म्हणजे फवारताना ॲक्सिलरेटर आपल्या हातात राहत नाही. कमी केला तर पंखा मंदावतो, वाढवला तर पंपावर ताण. ट्रॅक्टर हळू की जोरात चालवायचा हे ठरवायला उरतो फक्त गिअर. आता हिशेब करू. ओळीतले अंतर ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर. ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालला तर मिनिटाला ६६.७ मीटर जातो आणि सुमारे १८३ चौरस मीटर फवारतो. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, तेव्हा एकराला २२ मिनिटे. एकरी ४०० लिटर द्रावण द्यायचे असेल तर सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला १८ लिटर बाहेर पडले पाहिजे. नोझल तसे बसवले. दुसऱ्या दिवशी चालवणारा वरच्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरने गेला. नोझल तेच, दाब तोच, पण एकर पावणेअठरा मिनिटांत संपला आणि ३२० लिटरच पडले. पाचवा हिस्सा औषध पडलेच नाही. डावणी रोगाला एवढी फट पुरते.

म्हणून ‘गिअर किती?’ या प्रश्नात ‘आठ पुढे, चार मागे’ हे उत्तर अपुरे. विचारायचे असे: पीटीओ ५४० वर असताना प्रत्येक गिअरला वेग किती? तीन ते सहा किलोमीटरच्या पट्ट्यात दोन-तीन पायऱ्या मिळाल्या तर मशीन फवारणीचे. एक गिअर अडीचचा आणि पुढचा साडेपाचचा असेल तर चालवणारा कितीही हुशार असो, त्याला मधले काही निवडताच येत नाही. हा बदल नंतर गॅरेजमध्ये करून मिळत नाही. जो ट्रॅक्टर घरी आहे त्याचा वेग तपासायला घड्याळ पुरते: बागेतच, टाकी अर्धी भरून, ३० मीटर मोजा, ताशी ४ किलोमीटरला २७ सेकंद लागायला हवेत. टाकी अर्धी अशासाठी की भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत टायरची घसर वेगळी असते.

पीटीओला ‘इकॉनॉमी’ खटका असलेली मॉडेल येतात. त्यात ५४० फेरे इंजिनाच्या कमी आरपीएमवर मिळतात, डिझेल वाचते. छोट्या पंपाला, हलक्या कामाला उत्तम. काळ्या जमिनीत रोटाव्हेटर घातला आणि हा खटका लावला तर इंजिन गुदमरते. रोटाव्हेटरचा आकार हाही नेहमीचा वाद. चोवीस एचपीला साडेतीन-चार फुटांचा चालतो. भारी जमिनीत साडेतीनवर थांबावे. त्याहून अरुंद घेतला तर ट्रॅक्टरच्या चाकांची चाकोरी तशीच दाबलेली राहते.

लिफ्टकडे वळू. तीन ठिकाणी अवजार जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची पद्धत आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने बसवली. १९३८ साली त्याने हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार केला आणि पुढच्या वर्षी ती पद्धत असलेला फोर्ड-फर्ग्युसन बाजारात आला. त्याआधी नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उठून चालवणाऱ्यावर उलटायचा. फर्ग्युसनच्या जोडणीने नांगराची ओढ ट्रॅक्टरला खाली दाबू लागली. आजच्या मिनी ट्रॅक्टरवरही ती जोडणी आहे, पण उलटण्याचा धोका संपलेला नाही. तो टाकीच्या रूपाने परत आला आहे.

पत्रकावर लिहिलेले असते, लिफ्ट ७५० किलो. मालक विचारतो, मग ३०० लिटरची टाकी उचलेल ना? उचलेल. चाचणीत हे वजन दोन ठिकाणी मोजतात: खालच्या दांड्यांच्या टोकाशी आणि टोकापासून ६१० मिलिमीटर मागे. दुसरा आकडा लहान असतो, आणि टाकीचे वजन तिथेच येते. पण खरा प्रश्न उचलण्याचा नाहीच. समजा ट्रॅक्टर ९०० किलोचा आहे, त्यातले ३६० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर दीड मीटर. मागच्या आसापासून १.२ मीटरवर ४०० किलोची भरलेली टाकी टांगली. पुढच्या चाकांवरून किती वजन उचलले गेले? ४०० गुणिले १.२, भागिले १.५, म्हणजे ३२०. पुढे राहिले ४० किलो. स्टिअरिंग वळते, ट्रॅक्टर सरळ जातो. चढावर, क्लच झटक्यात सोडल्यावर काय होईल ते सांगायला नको. यावर उपाय पुढच्या बंपरला वजने टांगण्याचा, आणि त्याहून चांगला म्हणजे ओढत नेता येईल असा चाकांचा ब्लोअर घेण्याचा. सहाशे लिटरचा ब्लोअर या वर्गाच्या ट्रॅक्टरने ओढावा, उचलू नये.

फोर व्हील ड्राइव्ह घ्यावा का? माझे मत सरळ आहे: द्राक्षवाल्याने घ्यावा, बाकीच्यांनी जमीन पाहून. कारण वापसा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणीची धास्ती त्याच दिवशी सुरू होते, आणि वापसा यायला दोन-तीन दिवस लागतात. ते दोन-तीन दिवस जो ट्रॅक्टर चिखलात ब्लोअर ओढतो, तो वर्षाचा हप्ता काढून देतो. मुरमाड जमिनीतल्या डाळिंबाला ही निकड नसते. तिथे टू व्हील ड्राइव्हची स्वस्ताई आणि साधेपणा अधिक मोलाचा.

फोर व्हीलवाल्यांचा हमखास प्रश्न: पुढचे टायर झिजले, जरा मोठे टाकू का? इथे थांबून विचार करा. पुढची चाके लहान, मागची मोठी, आणि दोन्ही एकाच गिअरबॉक्सला बांधलेली. कंपनीने गिअरचे प्रमाण असे बांधलेले असते की पुढचे टायर मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के जास्त पळावेत, म्हणजे ट्रॅक्टर पुढून ओढला जातो. टायरचा घेर बदलला तर हे गणित मोडते, पण गिअरला ते कळत नाही. मातीत चाक थोडे घसरून सांभाळून घेते. डांबरावर घसरायला जागा नसते. ताण दात्यांवर आणि शाफ्टवर येतो, आणि एक दिवस पुढच्या आसातून आवाज येऊ लागतो. म्हणून टायर बदलायचे तर त्याच मापाचे, जमल्यास चारही एकदम. आणि रस्त्याला लागण्याआधी फोर व्हीलचा दांडा काढायचा, विसरायचा नाही.

ट्रॅक्टर ओढत नाही, इंजिन वाढवून मिळेल का? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि उत्तर देण्याआधी मी खडू आणायला सांगतो. मागच्या टायरवर एक रेघ मारा. अवजार उचलून, मोकळ्या शेतात, टायरचे दहा फेरे मोजून किती अंतर जाते ते मोजा. लहान टायरला ते साधारण २९ मीटर भरेल. आता अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. २५ मीटर आले तर घसर १४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठीक. २२ आले तर २४ टक्के. डिझेलचा चौथा हिस्सा माती उकरण्यात चालला आहे. अशा वेळी इंजिन वाढवले तर घसर वाढेल, काम नाही. हवे आहे वजन. मागच्या टायरमध्ये पाणी भरणे हा सर्वांत स्वस्त बदल: व्हॉल्व वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरले की टायर सुमारे पाऊण भरतो, वर हवा राहते. ८.३-२० मापाच्या टायरमध्ये पन्नासएक लिटर मावते, म्हणजे दोन्ही मिळून शंभर किलो. बागेत फवारणीला मात्र हे वजन काढून टाकलेले बरे, कारण त्याच चाकोरीतून वारंवार जाऊन मुळाजवळची माती दगडासारखी होते.

घसर ठीक आहे आणि तरी इंजिन दमते, तर आधी एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथ असेल तर तेलाखाली साचलेला चिखल पाहा. कोरडा फिल्टर असेल तर तो झटकून किती वेळा वापरला ते आठवा. ‘पंप वाढवून देतो’ म्हणणारा मेस्त्री प्रत्येक तालुक्यात असतो. तो डिझेल पंपाचा स्क्रू फिरवतो, ट्रॅक्टर काळा धूर सोडत दणक्यात पळतो, मालक खूश. हवा तेवढीच, डिझेल जास्त. न जळलेले डिझेल काजळी होऊन तेलात उतरते, पिस्टन तापतो आणि वॉरंटी जाते. शिवाय नोंदणीत लिहिलेली वैशिष्ट्ये परवानगीशिवाय बदलायला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. पॉवर स्टिअरिंग कंपनीच्या किटने बसत असेल तर जरूर बसवा, खांदे वाचतात. एलईडी दिवे बसवा. गाण्याचा डबा बसवायचा तर बसवा, पण मग इंजिनाचा बदललेला आवाज ऐकू येणार नाही.

बॅटरीवरचा घ्यावा का, असेही आता विचारतात. सोनालिकाचा टायगर इलेक्ट्रिक डिसेंबर २०२० मध्ये आला: मोटर ११ किलोवॅट, बॅटरी २५.५ किलोवॅट-तास. भागाकार करा, पूर्ण ताकदीवर सव्वादोन तास. हलक्या कामाला बराच जास्त वेळ. बागेत धूर नाही, आवाज नाही, हे मोठे सुख आहे. पण ब्लोअर हे हलके काम नव्हे, आणि शेतातली वीज कधी येते ते आपल्याला ठाऊक आहे.

पैशाची बाजू थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी ५ टक्के झाला, त्यामुळे टायर बदलणे लांबवायला आता निमित्त राहिले नाही. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी जी मिनी ट्रॅक्टर योजना आखली, तिच्या मूळ रचनेत ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि उपसाधने मिळून ३.५० लाखांची मर्यादा आणि त्यावर ९० टक्के अनुदान होते. अशा गटाने १८ एचपीच्या मशीनला चार फुटांचा रोटाव्हेटर लावून भाड्याने फिरवण्याचा बेत करू नये. कोळपणी, फवारणी, छोटी ट्रॉली यांवर त्याचा धंदा बसतो.

जुना घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. यांत्रिक तासमापक घड्याळाप्रमाणे धावत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे धावतो. नेहमी मंद चालवलेल्या इंजिनाचे खरे तास मीटरपेक्षा जास्त असतात. मीटरपेक्षा क्लचची पायपट्टी आणि पीटीओच्या शाफ्टचे दाते पाहा. झीज लपवता येत नाही.

पीटीओला अवजार जोडणाऱ्या शाफ्टबद्दलचा प्रश्न मला मालकांकडून क्वचितच येतो, म्हणून मीच काढतो. नव्या अवजाराबरोबर आलेला शाफ्ट लांब असेल तर अवजार उचलताना तो आतून टेकतो आणि पीटीओचे घर फोडतो. तो मापाने कापून घ्यावा लागतो, आणि कापताना प्लॅस्टिकचे कव्हरही तेवढेच कापून परत चढवायचे असते. बहुतेक जण कव्हर काढून कोपऱ्यात टाकतात. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचे टोक किंवा पदर त्यात गेला तर हात मागे घ्यायला सेकंदही मिळत नाही. तसेच उलटण्यापासून वाचवणाऱ्या चौकटीचे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली आणि तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. बागेसाठी ती दुमडता येणारी मिळते. बागेबाहेर आलात की उभी करा आणि पट्टा लावा.

दिवे, वजने, पॉवर स्टिअरिंग पुढच्या हंगामात घेतले तरी चालेल. शाफ्टचे कव्हर फुटले असेल किंवा नसेलच, तर उद्या तालुक्याला जाल तेव्हा ते आणा, आणि ते चढेपर्यंत ब्लोअर जोडू नका.